नोकरदार महिला, मानपाडा

आमच्या ठाणे-कल्याणच्या पुरवणीत बातमीखाली एक चौकट असायची, लोकांच्या प्रतिक्रियांची. एक ज्येष्ठ नागरिक, एक विद्यार्थी, एक बाई. वार्ताहर म्हणून लागलो तेव्हा पहिली दोन वर्षं मी खरंच नाक्यावर उभा राहून विचारायचो. लोक बोलत नाहीत हो. बोलले तर भलतंच, पाण्याचं विचारावं तर सुनेचं सांगतात. मग एकदा वेळ नव्हता म्हणून एक प्रतिक्रिया मी मनानेच लिहिली. छापून आली. कोणी हूं की चूं केलं नाही. त्यानंतर मी विचारायला गेलोच नाही. ऑफिसात हे सगळ्यांना माहीत होतं. संपादक संध्याकाळी ओरडायचे, "अरे, बाई कुठाय? बाई टाक!" की मी बाई टाकायचो.

नावं मी साधी ठेवायचो. घरोघरी असतं तसं नाव आणि तसंच आडनाव. ही मला माझी हुशारी वाटायची, बोला!

एकदा मानपाड्याला कंपन्यांच्या बाजूने वास येतो, अशी बातमी होती. मी बाई टाकली. नोकरदार महिला, मानपाडा. "शिफ्टला डोळे चुरचुरतात. सुपरवायझरला सांगितलं तर म्हणतो, नाक घरी ठेवून या." नाकाचं वाक्य मला फार आवडलेलं. तिचं नाव इथे लिहीत नाही. एकदा लिहून झालंय.

चार दिवसांनी एक बाई आमच्या डोंबिवलीच्या ऑफिसात आली. चाळिशीची, खांद्याला डब्याची पिशवी. मोबाईलवर ती चौकट काढून तिने माझ्यापुढे धरली. कंपनीच्या ग्रुपवर फिरत होती.

"सर, हे नाव माझं आहे. पण मी बोललेच नाही तुमच्याशी. तुम्ही ओळखता मला?"

"नाही."

"मग तेवढंच लिहून द्या ना."

अकरा वर्षं ती तिथे कंत्राटावर होती, यंदा कायम होणार होती. आता तिला गेटवरूनच परत पाठवत होते. सुपरवायझर भडकलेला, कारण नाकाचं ते तो खरंच बोलायचा. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" तिने विचारलं. मी म्हटलं, बघतो. ती चिडली नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला लाज वाटायला हवी होती, पण काहीच वाटत नव्हतं. मी तिच्या पिशवीची तुटलेली चेन बघत बसलेलो.

संपादकांना सांगितलं. ते म्हणाले, "वेडा आहेस का? आम्ही मनाने लिहिलं होतं, असं छापायचं? दुकान बंद होईल आपलं." मग त्यांनीच वाट काढली. दुसऱ्या दिवशी तळाशी दोन ओळींचा खुलासा आला. सदर प्रतिक्रिया या महिलेची नसून, त्याच कंपनीतील याच नावाच्या दुसऱ्या महिलेची आहे. "त्याच कंपनीतील" हे माझं. त्याशिवाय सुपरवायझरला पटलं नसतं.

लेटरहेडवरही तेच लिहून, सही करून दिलं. तिने उभ्यानेच दोनदा वाचलं आणि मला हात जोडले. दुसऱ्या दिवशी तिला कामावर घेतलं. सुटलो बुवा, म्हटलं. त्या दिवशी मी खाली जाऊन दोन वडापाव खाल्ले.

महिन्याभराने तिचा फोन आला.

"सर, ती दुसरी सापडली."

मला कळेचना. "कोण दुसरी?"

"पॅकिंगची मावशी. मोहन्याहून येते. आम्ही सगळे मावशीच म्हणायचो हो, नाव कोण विचारतंय! साहेबांनी यादी काढली तर नाव तेच, आडनाव तेच. काढलं तिला. गेटवर रडत होती, मी कोणाशी बोलले नाही म्हणून. साहेब म्हणाले, पेपरवाले सहीशिक्क्यानिशी खोटं कशाला लिहितील?"

समोर संगणकावर त्या दिवसाची चौकट उघडी होती, ज्येष्ठ नागरिक आणि विद्यार्थी टाकून झालेले.

"सर, ऐकताय ना? मला झोप येत नाही. तुमचा कागद मीच नेऊन दिला ना आत. तिच्या हातचं लोणचं खाल्लंय मी. एवढंच सांगा, तिनेच सांगितलं होतं ना तुम्हाला?"

आता तरी बोल, असं मनात आलं. आलं आणि गेलं. तोंडातून जे बाहेर पडलं ते सवयीने, विचार न करता.

"हो. तिनेच," मी म्हणालो.

"नक्की ना, सर?"

"नक्की. मानपाड्याच्या नाक्यावर भेटलेली. हिरवी साडी होती."

साडीचं तिने विचारलंही नव्हतं.