शनिवारचं कॉलेज

मांडवीच्या बाजारात भाव करायची एक रीत आहे. गिऱ्हाईक किंमत विचारतं, दुकानदार सांगतो, गिऱ्हाईक निम्म्यावर येतं, दुकानदार कपाळाला हात लावतो आणि मग गिऱ्हाईक उठून चालायला लागतं. हे चालणं घाईचं नसतं. पायऱ्या उतरताना चप्पल नीट करायची, ओढणी सावरायची, शेजारच्या दुकानाकडे बघायचं. तेवढ्यात मागून हाक येते, "आवो ने बेन, खोटुं शुं लगाडो छो." राग कसला धरताय, या की परत. हाक आली की सौदा झाला. माझं गरब्याची चणिया-चोळी भाड्याने द्यायचं दुकान जवळच्याच वाडी भागात आहे आणि हा खेळ मी दोन्ही बाजूंनी खेळले आहे. कोणाला कुठे पोहोचल्यावर हाक मारायची ते मला पाठमोऱ्या माणसाच्या खांद्यावरून कळतं.

आयुष्यात दोनदाच असं झालं की मी उठून चालायला लागले आणि मागून कोणी हाक मारली नाही.

पहिली वेळ बारावीनंतरची. अकरावी-बारावी करताना मी संध्याकाळी शिवणवर्गाला जात असे. तिथे दोन वर्षं मी मापं, कटिंग, कागदावर नमुने काढणं असं सगळं शिकले आणि परीक्षाही पास झाले. मग कपडे आणि शिवणकामाचा अभ्यासक्रम असलेल्या कॉलेजात गेले. तिथल्या सरांनी माझे नमुन्यांचे कागद टेबलावर पसरून बघितले आणि म्हणाले, "हात फार स्वच्छ आहे." मी म्हटलं, "मग पहिल्या वर्षाचं शिवण मला माफ करा. हे सगळं मला येतं." ते हसले. म्हणाले, "अहो, असं नसतं. इथे सगळे काज-बटणापासून सुरू करतात." जे येतं तेच परत शिकायला वर्ष घालवायचं आणि त्याची फीही भरायची, हे मला पटेना. मी कागदांची गुंडाळी केली आणि निघाले. जिना हळू उतरले. व्हरांड्यात थांबून गुंडाळीला दोरा बांधला. गेटपर्यंत आले. हाक आली नाही.

मग मी मांडवीत एका कापडवाल्याकडे नोकरी धरली आणि पुढे स्वतःचं दुकान काढलं. त्या कॉलेजच्या गेटात पुन्हा पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं होतं आणि इतकी वर्षं टाकलंही नव्हतं. आमचे पणजोबा संस्थानाच्या फौजेत होते. घरात त्यांची तलवार उरलेली नाही, पण डोकं तापायची सवय सगळ्यांना वाटून आली आहे.

दुसरी वेळ गेल्या वर्षीची. त्यासाठी आधी माझ्या मुलीचं सांगायला हवं.

आमच्याकडे गुजरातेत अकरावी-बारावी शाळेतच असते. ती अकरावीला होती. एकदा दुकानात चोळ्यांच्या नाड्या ओवताना म्हणाली, "मम्मी, शनिवारी कॉलेजला जाऊ?"

"कोणाबरोबर?"

"कोणाबरोबर काय? शिकायला. शाळेतल्या मुलांसाठी संख्याशास्त्राचा कोर्स आहे. चार क्रेडिट मिळतात."

"मिळतात म्हणजे? त्याचं काय करायचं?"

"जमा राहतात. पुढे कॉलेजला गेले की तो पेपर झालेला धरतात. परत द्यावा लागत नाही."

माझ्या हातातली नाडी तशीच राहिली. "परत द्यावा लागत नाही?"

"नाही."

"म्हणजे शाळेत असतानाच शिकलेलं ते मोजतात?"

"हो मम्मी," ती म्हणाली आणि मी तोंड उघडायच्या आत पुढचं तिनेच म्हणून टाकलं, "आणि तू कागद गुंडाळून गेटपर्यंत आलीस आणि कोणी हाक मारली नाही. माहीत आहे."

ही गोष्ट तिने लहानपणापासून ऐकली आहे. माझ्या दुकानात गिऱ्हाइकांनीही ऐकली आहे.

"कॉलेज कुठलं?" मी विचारलं.

तिने नाड्यांकडे बघत सांगितलं. तेच होतं.

मी हो म्हटलं. नाही म्हणून करते काय? पण अडचण दुसरीकडेच निघाली. कोर्स शनिवारी सकाळी आणि शाळाही शनिवारी सकाळी, अर्धा दिवस. कॉलेजला शाळेच्या परवानगीचं पत्र हवं होतं आणि प्रिन्सिपलबाई ते देत नव्हत्या. पत्राशिवाय प्रवेश नाही आणि मुदत संपत आली होती. मुलगी दोन दिवस नीट जेवली नाही. मी म्हटलं, थांब, मी जाते.

प्रिन्सिपलबाई गुजराती, वयाने माझ्याएवढ्या, खोलीत पंखा हळू आणि आवाजही हळू.

"बेन, शनिवारी शाळा आहे," त्या म्हणाल्या.

"अर्धा दिवस."

"अर्धी असली तरी शाळाच आहे. आज तुमच्या मुलीला सोडलं तर उद्या कोणी क्रिकेटसाठी मागेल, कोणी ट्यूशनसाठी."

"क्रिकेटवाल्यांना मी बघून घेते."

त्या हसल्या नाहीत. मी भाव खाली आणला. "बरं, सगळे नको. महिन्यातले दोन शनिवार द्या."

"कॉलेज दोन शनिवार चालेल म्हणतंय का?"

"ते मी त्यांच्याशी बोलेन. तुम्ही आधी दोन द्या."

"बेन, ही हजेरी आहे. कोथिंबीर नाही."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मुली पुढे जायला लागल्या की शाळांना हजेरी आठवते. आणखीही बोलले. मग पर्स उचलली आणि उठले. दारात चप्पल नीट केली. व्हरांड्यात पाण्याच्या टाकीपाशी थांबले, तहान नसताना पाणी प्यायले. प्यूनकाका जवळ आले आणि म्हणाले, "बेन, कोणाला शोधताय?" मी म्हटलं, "कोणाला नाही." बाहेर येऊन स्कूटरचा आरसा पुसला. एकदा पुसला, पुन्हा पुसला. आतून नुसती शाळेची घंटा वाजली. बस.

घरी मुलीने माझा चेहरा बघितला. "उठून आलीस?"

"हो."

"हळूहळू?"

मी पर्स खुंटीला अडकवली.

"मम्मी, शाळेत मागून हाक मारत नाहीत."

माझे यजमान प्लान्टमधली शिफ्ट करून नुकतेच आले होते. ते वाटीतल्या सेव-उसळीतून मान वर न काढता म्हणाले, "नशीब समज. हाक मारली असती तर ही परत आत जाऊन आणखी बोलली असती."

मुलगी हसली, पण डोळे भरलेले होते. मग म्हणाली, "आता तू येऊ नकोस. मी बघते."

तिने काय केलं ते मला नंतर प्यूनकाकांकडून कळलं. ती मधल्या सुट्टीत डबा घेऊन प्रिन्सिपलबाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसली. डबा खाल्ला, पुस्तक वाचलं, घंटा झाल्यावर वर्गात गेली. दुसऱ्या दिवशी तेच. बाईंनी जाता-येता विचारलं, "काय काम आहे?" ती म्हणाली, "मॅडम, तुम्हाला वेळ असेल तेव्हा." त्यांना वेळ नव्हता. ती तिसऱ्या दिवशी पुन्हा बाकावर. प्यूनकाकांनी आपल्या स्टुलाजवळचा पंखा तिच्याकडे वळवून दिला.

हे ऐकलं तेव्हा मी मनात म्हटलं, ही कुठून शिकली? कारण उठून जाणाऱ्या गिऱ्हाइकाला कोणीही हाताळेल. भीती वाटते ती बसणाऱ्याची. नागरवाड्यातल्या एक आजी दर नवरात्राआधी नातींसाठी चणिया-चोळ्या न्यायला येतात. स्टुलावर बसतात, पाणी मागतात, गुडघ्याचं सांगतात. भावाबद्दल एक शब्द नाही. निवडलेला चणिया मांडीवर घेऊन नुसत्या बसून राहतात. बाकीचं गिऱ्हाईक त्यांना वळसा घालून येतं-जातं. आजवर त्या माझ्याकडून त्यांना हव्या त्या भावात चणिया नेल्याशिवाय उठलेल्या नाहीत. त्यांना मी कधी हाक मारलेली नाही. वेळच येत नाही. मुलगी लहानपणापासून गल्ल्यामागे बसून अभ्यास करायची, तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं असेल असं मी धरून चालले होते. ती आजींकडे बघत होती.

शेवटी बाईंनी तिला आत बोलावलं. मुलीने सांगितलं की शनिवारी तिच्या वर्गाला पीटी, लायब्ररी आणि गणित असतं. गणिताचा तोच धडा सर दुसऱ्या तुकडीला गुरुवारी घेतात आणि गुरुवारी त्या तासाला तिच्या वर्गाला चित्रकला असते. "मी तेव्हा त्या वर्गात मागे बसेन. सरांना विचारलंय. चित्रं घरून काढून आणेन." बाईंनी वेळापत्रक काढून ताडून बघितलं म्हणे. मग म्हणाल्या, "पहिल्या चाचणीपर्यंत. मार्क घसरले तर बंद."

"म्हणजे ट्रायल," मुलगी घरी येऊन म्हणाली. तिला ते कमी वाटत होतं.

"वेडी आहेस," मी म्हटलं. "घरी नेऊन बघा, नाही आवडलं तर परत आणा, असं म्हटलेला माल कधी परत आलेला मी बघितला नाही."

माझ्या भांडणानेच बाई नरमल्या असणार, असंही मी म्हटलं. घरात कोणी मान्य केलं नाही.

दर शनिवारी मी तिला स्कूटरवरून सोडायला जायची. गेटापाशी थांबायची, ती आत गेली की दुकान उघडायला परत. दुपारी पुन्हा न्यायला. पाऊस आला की ती म्हणायची, "आत शेडमध्ये थांब ना." मी छत्री उघडून बाहेरच थांबायची.

नवरात्रातल्या शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मला तिची गरज होती. तरी सोडलं, दात खाऊन सोडलं. तिने मात्र त्या नवरात्राचाच प्रकल्प केला. कुठल्या रात्री कुठला रंग जास्त जातो, कुठलं माप कमी पडतं, ते रोज लिहून ठेवायची.

"हे मला विचारलं असतंस तर फुकट सांगितलं असतं," मी म्हटलं.

"तुला माहीत आहे, मम्मी. मला दाखवता आलं पाहिजे."

चाचणीत मार्क घसरले नाहीत. शनिवार चालू राहिले. दिवाळीनंतर कोर्सची परीक्षा झाली आणि निकालाच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे गेटाबाहेर स्कूटरवर बसले होते. बाकीचे आई-बाप आत जात होते. कोणी नवीन साड्या नेसून, कोणी मोबाइल वर धरून. मी आरसा पुसत होते.

तेवढ्यात आतून हाक आली.

"मम्मी!"

ती व्हरांड्याच्या पायऱ्यांवर उभी होती. "आत ये. सर म्हणतात पालकांना बोलवा."

"तू ये बाहेर. झालं का ते सांग."

"झालं. चारही मिळाले. ये ना."

पण मी लगेच उठले नाही. हाक आल्याबरोबर धावणारं गिऱ्हाईक स्वतःचा भाव घालवतं. मी स्कूटर स्टँडला लावली, किल्ली काढली, पर्सची चेन लावली, ओढणी सावरली.

"मम्मी, सर उभे आहेत."

"उभे राहू दे थोडे."

मग गेले. व्हरांडा तोच होता, फक्त रंग दुसरा. संख्याशास्त्राचे सर तरुण होते. माझे ते सर कधीच निवृत्त झाले असणार. यांनी मुलीचं कौतुक केलं, दुकानाचा प्रकल्प वर्गात सगळ्यांना दाखवला असं सांगितलं.

"हे चार क्रेडिट आता हिचे?" मी विचारलं.

"हिचे."

"पुढे कॉलेजात कोणी म्हणालं, पहिल्यापासून करा, तर?"

"नाही म्हणू शकत, बेन. हा पेपर झालेला आहे. तिच्या खात्यात दिसतो."

"तुम्ही इथून बदलून गेलात तरी?"

"मी गेलो तरी."

मुलीने माझं कोपर दाबलं. तिला कळलं होतं आता काय येणार. मी सांगितलंच. शिवणवर्ग, नमुन्यांचे कागद, स्वच्छ हात, काज-बटण, गेट. सरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "तेव्हा अशी सोय नव्हती, बेन. नियमच नव्हता."

"नियम नव्हता हे मला मान्य आहे," मी म्हटलं. "पण हाक मारायला नियम लागत नाही."

सरांनी मागे ओळीत लावलेल्या खुर्च्यांकडे हात केला आणि म्हणाले, "आत्ता तरी बसा. चहा येतोय."

मी मुलीकडे बघितलं. तिने पुढच्या रांगेतल्या खुर्चीवरची तिची बॅग उचलून जागा करून ठेवली होती. दुकान उघडायचं राहिलं होतं, पण मी बसले आणि चहा येईपर्यंत उठले नाही. तोवर तिने दुसऱ्या कोर्सचं माहितीपत्रक माझ्या मांडीवर आणून ठेवलं. तोही शनिवारीच होता.

"बाई पत्र देतील?" मी विचारलं.

"या वेळी त्यांनीच वर्गात सांगितलंय, अजून कोणाला जायचं असेल तर नावं द्या," ती म्हणाली. "तू फक्त भेटायला जाऊ नकोस."