मापाची गाडी

वडिलांची जुनी मोटारसायकल माझ्या मापानं नव्यानं बांधून घ्यायला पैठण रोडवरच्या एका मिस्त्रीकडे टाकली, त्याला वर्ष झालं. पहिल्याच दिवशी त्यानं शिंप्यासारखी टेप लावून माझे हात, पाय, कंबर सगळं मोजलं होतं. मग दर शनिवारी मी भांडायला जायचो. तो दुसऱ्याच कुणाच्या इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याला कान लावून बसलेला. मान वर न करता माझ्यासाठी समोसे मागवायचा. "या जुम्म्याला पक्कं, साहेब."

काल गाडी खरंच तयार होती. मी बसलो. त्यानं मान तिरकी करून पाहिलं आणि टेप काढली.

"पोट लई सुटलं तुमचं. टाकीला टेकतंय. सीट मागं घ्यावी लागंल."

"कुणामुळं सुटलं?" मी ओरडलो.

त्यानं नटाला पाना लावला आणि समोरच्या हॉटेलात हाक दिली, "साहेबांना दोन समोसे!"