टोपलीखालची बाई

बायको गेली त्या दिवसाची हकीकत मी अनेकांना सांगितली. त्यातला फाटकावरचा भाग मात्र दरवेळी गाळला. आता लिहून टाकतो.

पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या आमच्या सोसायटीत वॉचमन सारखे बदलायचे, म्हणून फाटकावर ॲप बसवायचा हट्ट माझाच. कोणी आलं की वॉचमन फोटो पाठवणार. आपण ओळखून ‘येऊ द्या’ किंवा ‘नको’ दाबायचं. “आपल्या डोळ्यांपेक्षा खात्रीचं काय असतं?” असं मी सभेत म्हणालो. टाळ्या पडल्या, बहुधा चहा आला म्हणून.

डोळ्यांचा मला अभिमानच होता. पालीच्या कोळीवाड्यातून येणारी कोळीण दारात टोपली उतरवायची आणि मी खुर्चीतूनच सांगायचो, “मावशी, पापलेट कालचं दिसतंय.”

“वयनी, तुमच्या दादांचं डोलं मांजराचं हाय गो!” ती बायकोला म्हणायची. मग दोघी उंबऱ्यात बसून जगाची उणीदुणी काढायच्या. वर्षानुवर्षं हे चाललं.

बायको गेली त्या सकाळी मोबाईलवर फोटो येत होते. मामेभाऊ, शेजारी, ऑफिसातले जुने सोबती. मध्येच एक बाई. फिकट साडी, रिकामे हात. चष्मा पुसून पाहिलं. कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली, पण कुठे ते आठवेना. ‘नको’ दाबलं. वर म्हणालोसुद्धा, “विमावाल्यांना आजचाच दिवस सापडला!”

काही आठवड्यांनी मावशी फेरीवाल्यांचा पास दाखवून वर आली. डोक्यावर टोपली. लिफ्टचं दार उघडताच ओळखलं.

“त्या दिवशी आलती मी,” ती म्हणाली. “वयनीला शेवटचं बघाचं व्हतं. वॉचमन बोलला, वरून नको बोलले.”

फोटोतला चेहरा तेव्हा कुठे जुळला. मेंदू म्हणे ओळखीची गोष्ट तिच्या आजूबाजूसकट साठवतो. माझ्या मेंदूने टोपली, वास, उंबरा सगळं नीट जपलं होतं. बाई तेवढी राहून गेली होती.

“ॲप बिघडलं होतं,” मी म्हणालो.

“मशिनच ती. तिला मानूस काय कलनार?” म्हणत तिने सुरमई कापायला घेतली.

ती अजून येते. बेल वाजली की मी वाक्य जुळवत दार उघडतो, आणि तोंडातून निघतं, “पापलेट आहे का आज?”

वाक्य काही मोठं नाही. मावशी, ॲप ठीक होतं. तुम्हाला ओळखलं नाही ते मी. मला माफ करा.