नलिनी कामात आहे

कालगुर्लीच्या हॉस्पिटलात नलिनीला सगळे ‘नल्स’ म्हणतात. ऑस्ट्रेलियन माणसाला कुणाचंही नाव तोकडं केल्याशिवाय चैन पडत नाही, आणि नलिनीने कधी कुणाला टोकलंही नाही. सोन्याच्या खाणीचं गाव हे. खिडकी उघडी राहिली की टेबलावर तांबडी धूळ बसते, आणि समुद्र बघायचा तर गाडीने अर्धा दिवस जातो. तिथल्या सर्जिकल वॉर्डात ती इतकी वर्षं नर्स आहे, की तिने ताणलेल्या चादरीवर नाणं टाकलं तर टणकन उडावं.

एका ठिकाणी टिकून नोकरी केली की या देशात लाँग सर्व्हिस लीव्ह मिळते. भरपगारी, चांगली महिनोन्‌महिने, जा बाई आराम कर म्हणून. नलिनीची मिळाली तेव्हा ती कुठे घालवायची हे तिच्या भावाने आधीच ठरवून टाकलं होतं. धम्मदीप देशाच्या दुसऱ्या टोकाला, वेरिबीला असतो, बायको प्रतीक्षा आणि दोन मुलांसह. नलिनीने लग्न केलं नाही, म्हणजे तिला वेळच वेळ, असा त्याचा हिशोब. आजवरच्या तिच्या सगळ्या रजा वेरिबीत गेल्या. प्रतीक्षाची दोन बाळंतपणं, घर बदलणं, धम्माच्या पाठीचं ऑपरेशन, सगळ्याला ताई हजर. एरवी हिने फोन केला की तो म्हणायचा, “ताई, कामात आहे गं. नंतर करतो.” गरज सरो, वैद्य मरो. तरी तिचा त्याच्यावर जीव होता, आणि हीच खरी अडचण होती.

या वेळी ती म्हणाली, “मी मेक्सिकोला चाललेय. बीच रिसॉर्टवर. सहा आठवडे.”

“मेक्सिको? तिथे कोण आहे आपलं?”

“कोणी नाही. म्हणूनच.”

खोटं नव्हतं ते. बालीला जावं तर निम्मं कालगुर्ली तिथे भेटतं. गोव्याला गेलं तर पुण्याची भावंडं ‘एवढ्या जवळ आलीस आणि’ म्हणून गाडी काढून येणार. नकाशात तिने शोधलं होतं ते असं गाव, की जिथे कुणाला तिच्यावर काम सोपवता येणार नाही.

रिसॉर्ट छानच होतं. नारळीच्या बुंध्यांना जाळीचे झोपाळे बांधलेले, पुढे हिरवंनिळं पाणी, आणि खायला-प्यायला मागेल ते. फक्त नलिनीला आराम करता येईना. शिफ्ट नसतानाही भल्या पहाटे जाग येई. उठली की आधी अंथरूण. चादर ताणून, कोपरे दुमडून, उशा सारख्या करून ती मग समुद्रावर जाई आणि तिथे शेजारच्या म्हाताऱ्याचा घोटा सुजलेला तर नाही ना, हे निरखत बसे.

खोली आवरायला येणारी रोसाउरा चौथ्या दिवशी दारातच उभी राहिली. बिचारीने फोनमध्ये स्पॅनिश बोलून इंग्रजी करून ऐकवलं, “मॅडम, माझं काम तुम्हाला आवडत नाही का?”

नलिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःच्या वॉर्डात कुणी तिने घातलेला बेड पुन्हा घातला असता, तर तिने त्याला उभा सोलला असता. दुसऱ्या दिवशी उठल्यावर ती पलंगाजवळ उभी राहिली. चादर चुरगळलेली, उशी जमिनीवर. हात शिवशिवत होते. तिने हात पाठीमागे बांधले, दाराबाहेर पडली आणि वळून पाहिलं नाही. रोज तेच करायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं. सोपं गेलं नाही, पण हळूहळू जमायला लागलं. मग दुपारची झोप जमली. मग म्हाताऱ्याचा घोटा दिसेनासा झाला.

आणि नेमका तेव्हा धम्माचा फोन आला. इथे दुपार कललेली, वेरिबीत सकाळची डब्यांची धांदल. मागे मुलगी ओरडत होती, “डॅड, वेअर्स माय हॅट?” तो आवाज ऐकून नलिनी झोपाळ्यात उठून बसली.

“ताई, स्कूल हॉलिडेज सुरू होतायत,” धम्मा म्हणाला. “प्रतीक्षाचा नवा जॉब, तिला लीव्ह नाही. तू थोडी आधी ये ना. तिकीट मी चेंज करून देतो, नो वरीज.”

“सुट्टीत मुलं सांभाळायला तिथे व्हेकेशन केअर असते, धम्मा. आणि तू तर अर्धा आठवडा घरूनच काम करतोस.”

“अगं, पण मुलं तुझ्याकडे खूश असतात. आणि तू तिथे तशी नुसतीच तर पडून आहेस ना?”

हे त्याने काकुळतीने म्हटलं असतं तर नलिनी विरघळलीही असती. पण तो अगदी सहज, लाडात बोलला होता. तिच्या मनात आलं, आज हो म्हटलं तर सगळा जन्म असंच उठायचं, चादर ताणायची आणि दुसऱ्यांच्या कामाला निघायचं. ती मुलं तिला हवी होती. त्यांच्याकडे ती जाणारही होती, पण इथले सहा आठवडे संपल्यावर, पाहुणी म्हणून.

“नाही रे,” ती म्हणाली. “मी कामात आहे. नंतर करते.”

हे वाक्य आपल्याला कुणी म्हटलं की कसं लागतं, हे बहुधा त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

तिने फोन बंद करून पिशवीत तळाशी, टॉवेलखाली ठेवला. रडली थोडीशी. मग पुन्हा झोपाळ्यात आडवी झाली आणि नेटाने डोळे मिटून घेतले.