गढीवरची कौदी

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, दिलं होतं ते गाव सोलापूरहून अक्कलकोटच्या वाटेवर, मुख्य रस्ता सोडून थोडं आत. गावामागं एक बोडकी टेकडी आणि तिच्यावर जुनी गढी. अक्काचं लग्न झालं तेव्हा त्या गढीत वटवाघळं असायची आणि उन्हाच्या वेळी शेळ्या. पुढं गावातल्याच एका निवृत्त मास्तरांनी ती झाडून घेतली, घरोघर हिंडून जाती, घोंगड्या, बैलांच्या घुंगरमाळा, धान्याची लाकडी मापं गोळा केली आणि दारावर ‘लोकजीवन संग्रहालय’ अशी पाटी लावली. ते बघायला अक्का राहिली नव्हती. मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी तिला कावीळ झाली आणि आठ दिवसांत ती गेली. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती.

मी नववीत असताना आमच्या शाळेची सहल नेमकी त्या गढीवर गेली. अक्काच्या गावाला जायचंय म्हणून मी घरी काही बोललेच नाही. नुसतं ‘सहल’ म्हटलं. गढीत मागच्या खोलीत एक काचेचं कपाट होतं. त्यात एक कौदी पसरून ठेवलेली. गोधडीला आमच्या घरात कौदीच म्हणत. मुली पुढं गेल्या आणि मी तिथंच उभी राहिले. कारण तिच्या मधोमध माझा पिवळा फ्रॉक होता, निळ्या ठिपक्यांचा. शेजारी अप्पांच्या दुकानातलं लाल अस्तर. सोलापुरात भवानी पेठेत आमच्या वडलांचं, अप्पांचं, शिंपीकामाचं लहानसं दुकान होतं, तिथल्या चिंध्या वेचून अक्कानं लग्नाआधी वर्षभर ती शिवली होती. एका कडेला चार बोटं वाकडे टाके होते. ते माझे. मी हट्ट केला म्हणून तिनं सुई माझ्या हातात दिली होती आणि नंतर ते टाके उसवले नव्हते.

खाली कागदावर लिहिलं होतं : ‘गोधडी. सुमारे शंभर वर्षांपूर्वीची.’

पंधरा दिवस मी हे पोटात ठेवलं. मग एका दुपारी अव्वा, म्हणजे आमची आई, भाकरी थापत असताना सांगून टाकलं. तिनं हातातली भाकरी पुरी केली, तव्यावर टाकली, भाजली. मग म्हणाली, “मला घेऊन चल.”

अक्काच्या दिवसांनंतर अव्वा त्या गावाला गेली नव्हती. एसटीतून उतरल्यावर तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि अक्काच्या घराकडं न बघता सरळ टेकडी चढायला लागली. मध्ये एकदाही टेकली नाही.

कपाटापुढं ती किती वेळ उभी होती कोण जाणे. मास्तर मागून आले आणि कौतुकानं माहिती सांगायला लागले, “बघा, पूर्वीच्या बायकांचा हात कसा होता! शंभर वर्षांची हाय ही.”

“शंभर नव्हं ओ सर,” अव्वा म्हणाली. “एकवीस वर्सांची होती माझी लेक.”

मास्तरांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि कपाटाचं कुलूप उघडून कौदी अव्वाच्या हातात दिली. ती फरशीवर बसली. कौदी मांडीवर घेऊन तिनं तोंडाशी नेली आणि लगेच खाली घेतली.

“डांबरगोळ्यांचा वास येतोय,” ती माझ्याकडं बघून म्हणाली. “तिचा न्हाय.”

तेवढ्यात दारात दाजी येऊन उभे राहिले. आम्ही उतरलेलं कुणीतरी त्यांना सांगितलं असणार. चढून आल्यानं त्यांना धाप लागली होती. त्यांचं दुसरं लग्न झालंय हे आम्हाला ठाऊक होतं.

“तुमी दिली ही हितं?” अव्वानं विचारलं.

“व्हय, आत्ती.” दाजी तिच्यासमोर खाली बसले. सासूला ते आत्तीच म्हणत. “हिला ती पांघरवंना. मेलेल्या माणसाची म्हणून भ्यायची. आई म्हणाली, गावाबाहेर टाकून ये. दोनदा घेऊन गेलो वड्यापातूर. दोनी येळंला माघारी आणली. मग सर जुनं सामान मागत आले. त्यास्नी खोटंच सांगितलं, आमच्या पणजीची हाय म्हणून. हितं तरी कुणी टाकणार न्हाय, वाटलं.”

अक्का गेल्यापासून दोन वर्षं मी त्यांच्यावर राग धरून होते. कशासाठी, ते तेव्हा मला आठवेना.

अव्वा बराच वेळ कौदीवरून हात फिरवत राहिली. मग तिनं विचारलं, “तुमच्या बायकोचं बरं हाय का?”

“हाय. सातवा म्हैना हाय.”

“जपा तिला. पानी उकळून देत जावा.”

दाजींनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. त्यांचे खांदे हलायला लागले, तशी अव्वानं पुढं सरकून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. जावयाला असं शिवताना मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं.

मास्तर हळूच म्हणाले, “न्यायची असेल तर न्या, बाई. मी वहीत तसं लिहितो.”

मला वाटलं, ती नेणार. पण तिनं कौदीची नीट घडी केली आणि त्यांच्या हातात दिली. “घरी नेऊन कुणाच्या अंगावर घालू? राहू द्या. पर त्यो कागद बदला.”

तिला लिहिता येत नव्हतं. मास्तरांनी टाक माझ्या हातात दिला. अव्वा सांगत गेली आणि मी अक्काचं नाव लिहिलं, मग अप्पांचं, मग दाजींचं आडनाव. ‘वय एकवीस’ लिहिताना शाई पसरली. मास्तर म्हणाले, असू दे, तसाच लावतो.

परतीच्या एसटीत अव्वा खिडकीला डोकं टेकून रडली. अक्का गेली तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, तिला तसं रडायला मिळालंच नव्हतं. कंडक्टर तिकिटं द्यायला आला आणि आम्हाला बघून आधी पुढच्या बाकांकडं गेला.

संध्याकाळी तिनं सगळं अप्पांना सांगितलं. ते दुकान बंद करून नुकतेच आले होते, गळ्यात अजून टेप होती. त्यांनी सारं ऐकून घेतलं. कुणी दिली, का दिली, काही विचारलं नाही.

“कुटं उसवली न्हाई न्हवं?” एवढंच त्यांनी विचारलं.

“न्हाई,” अव्वा म्हणाली. “एक टाका सुटला न्हाई.”

अप्पा हात धुवायला म्हणून मोरीत गेले, आणि कितीतरी वेळ आतून नुसता पाण्याचा आवाज येत राहिला.