मेहुण्याच्या गिटारचा नट मी बसवला

चहा घ्या आधी. मी अकोल्यात काय करून बसलो ते ऐकल्यावर तुम्ही माझ्या हातात साधा पेचकससुद्धा देणार नाही. मला स्वतःला तो धक्का अजून पचलेला नाही.

तर अधिक महिना चालू होता. अधिकात जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावतात, हे तुम्हाला माहीतच आहे. त्या दिवशी जावई म्हणेल ते खरं. मी अमरावतीचा, माझी सासुरवाडी अकोल्याची, आणि जेवण ठरलं शनिवारी. त्याच आठवड्यात माझी बायको वर्षा तिच्या धाकट्या भावाशी, अक्षयशी, फोनवर बोलत होती. त्याच्या इलेक्ट्रिक गिटारचा नट तुटला होता आणि बँडचा पहिलाच कार्यक्रम तोंडावर आला होता.

नट म्हणजे गिटारच्या मानेवर, खुंट्यांच्या जरा खाली बसवलेली सहा खाचांची बोटभर पट्टी. सहा तारा तिच्या सहा खाचांतून जातात. जाड तारेला रुंद खाच, बारीक तारेला अरुंद. ती पट्टी गेली की संपलं, वाजवा टाळ्या.

मी वर्षाच्या हातातून फोनच घेतला. म्हटलं, अक्षय, नट मी अमरावतीहून आणतो आणि बसवतोही मीच.

पलीकडे अक्षयला ठसका लागला. मला वाटलं, पोरगा भारावला. कार्यक्रम कधी आहे विचारलं, तर म्हणाला, "थांबा भाऊजी, बाबांले विचारून सांगतो."

स्वतःच्या कार्यक्रमाचा दिवस बापाला विचारून सांगतो! आजकाल कुठे राहिलेत असे संस्कार? मग सासरे स्वतः फोनवर आले. कार्यक्रम शनिवारीच, संध्याकाळी सात वाजता, म्हणाले.

तुम्ही म्हणाल, तुला गिटार येते का? नाही येत. पण दुरुस्तीला काय लागतं? मागच्या उन्हाळ्यात सासऱ्यांचा कूलरही मीच उघडला होता. त्यानंतर आठ दिवसांत त्यांनी नवा घेतला, तो भाग वेगळा. जुन्याचा कंटाळा आला असेल.

अमरावतीच्या दुकानदारानं तीन नट समोर ठेवले. एक प्लास्टिकचा, एक हाडाचा, एक पितळेचा. प्लास्टिकचा सासरी नेणं बरं दिसत नाही. अधिकाच्या महिन्यात सासूबाईंच्या घरात हाड कसं न्यायचं? पितळेचा घेतला. धोंड्याच्या ताटाशेजारी ठेवला तरी शोभला असता. आता नट असा निवडतात का? पण मी निवडला.

दुकानदार म्हणाला, जुना नट दाखवा. माझ्याकडे अक्षयनं पाठवलेला फोटो होता. त्यात रुंद खाचा भलत्याच बाजूला होत्या. मी म्हटलं, फोटो उलटा आलाय, मोबाइल करतो असं कधीकधी. तो काहीतरी बोलणार होता, पण मी तोवर पायरी उतरलो होतो.

शनिवारी वर्षाला घेऊन बडनेरा स्टेशनावरून गाडी पकडली आणि अकोला गाठलं. धोंडे, आमरस, सगळं यथासांग झालं. मग बैठकीत नव्या कूलरसमोर सतरंजी टाकून मी कामाला बसलो. सासूबाईंच्या खलबत्त्यातला बत्ता फडक्यात गुंडाळून हलकेच मारला आणि जुना नट निघाला. नवा केसभर लांब होता, तो कानशीवर घासला. तेव्हा जुन्याकडे नीट पाहिलं, तर त्याच्या रुंद खाचा खरंच उलट्या बाजूला.

"हा कोन्या गाढवानं बसवला होता?" मी विचारलं.

अक्षयनं मान खाली घातली. सासऱ्यांनी पेपर वर केला. सासूबाईंनी अजून रस आणू का म्हणून विचारलं.

मोबाइलवर एक व्हिडिओ पाहून आलो होतो, त्यात सांगितलं होतं, गोंदाचा एकच थेंब टाका. पण त्या व्हिडिओवाल्याला अकोल्याचं ऊन काय माहीत! मी अर्धी ट्यूब रिकामी केली. नट असा बसला की वा. तारा चढवल्या आणि गिटार अक्षयच्या हातात दिली.

त्यानं ती गळ्यात अडकवली. उलटी.

"अरे, उलटी धरली तू."

सासऱ्यांनी पेपर आणखी वर केला. शेवटी सासूबाई हळूच म्हणाल्या, "तो डावखुरा हाये, जवाईबुवा. लहानपणापासून."

मी गारच पडलो. माझ्या लग्नाला चार वर्षं झाली! या पोरानं गच्चीवरच्या क्रिकेटमध्ये मला डाव्या हातानं कितीदा बाद केलं असेल. मला वाटायचं, चिडवायला करतो. त्याचा जुना नट बरोबरच बसवलेला होता. मी सगळी गिटार उजव्यांची करून ठेवली होती.

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"धोंड्याच्या दिवशी जावयाले चुकलं म्हनता येते काय?" सासरे पेपरामागून म्हणाले.

घड्याळात साडेपाच. मी पक्कड घेऊन नटाला भिडलो. नट हलला नाही, पण मानेच्या लाकडाचा एक टवका हातात आला. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. पोराचा पहिला कार्यक्रम, दीड तास उरलेला, आणि माझ्या शहाणपणानं त्याची वाट लागली. मी म्हटलं, अक्षय, चल, मी तुझ्या बँडवाल्यांच्या पाया पडतो.

अक्षयनं पक्कड हळूच माझ्या हातातून काढून घेतली.

"बसा, भाऊजी. कार्यक्रम उद्या हाये."

"उद्या?"

"तुमी नट बसवता म्हटल्यावर बाबांनी एक दिवस आदीचा सांगतला. उद्या सकायी कारागीर येऊन राहिला, नट घेऊन. मान बी तोच नीट करून देते."

मी वर्षाकडे पाहिलं. ती आंब्याची कोय चोखण्यात गर्क होती. म्हणजे तिलाही माहीत होतं! घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं, मी सोडून.

मग मला एकदम तो जुना कूलर आठवला. "मंग तवाबी असाच कारागीर सांगून ठेवला होता काय?" मी सासऱ्यांना विचारलं. त्यांनी पेपर खाली केला आणि फार मायेनं म्हणाले, "नाही जवाईबुवा, कूलरच्या टायमाले आमाले हे सुचलं नव्हतं."