कुठी लागलं?

१९८५ च्या एप्रिलमध्ये, कुरखेड्याच्या आठवडी बाजारात, साठेक माणसांसमोर त्यांनी डोळे मिटले, डावा हात पुढे केला आणि म्हणाले, "लावा ना, बाई." तोवर समोरच्या बाईंनी हाताला तीनदा पीस लावलं होतं.

ते सरकारी कुष्ठरोग तंत्रज्ञ होते. बाजारात त्यांना पीसवाले भाऊ म्हणत. अंगावरचा डाग सुन्न असेल तर दाखवा, गोळ्यांनी बरं होतं, एवढंच त्यांना सांगायचं असे. त्यासाठी खात्याने रंगीत चित्रं दिली होती. आरोग्याची भाषणं तुम्हीही ऐकली असतील; तिसऱ्या चित्राला लोक उठतात. यांनी चित्रं पिशवीतच ठेवली आणि कोंबडीचं एक पीस बाहेर काढलं.

मी वार्ताहर म्हणून गेलो होतो. चित्रं का नाहीत, असं विचारलं तेव्हा म्हणाले, "चित्राले माणूस कटाळते. सवताच्या अंगाले नाई कटाळत."

सुरुवात ते स्वतःपासून करत. उजवी बाही वर, डोळे बंद, पीस समोरच्या कुणाच्या तरी हातात. पीस टेकलं की अचूक बोट ठेवत. मग पीस परत घेऊन समोरच्याला म्हणत, "आता तुमी डोये मिटा. सांगा, कुठी लागलं?" गर्दी हसे, पण हलत नसे.

सुपं-टोपल्या विकणाऱ्या एक बाई नेहमी पुढे बसत. "कोंबडी खाऊन येते अन् आमाले पीस दाखवते," त्या म्हणत.

"तुमी कोंबडी द्या बाई, मी पीस वापस करतो."

त्या दिवशी पीस बाईंच्याच हातात होतं. त्या म्हणाल्या, "रोज तोच हात काऊन? शिकवून ठेवला असन तुमी त्याले. दुसरा काढा."

लोक हसले. त्यांनी डावी बाही वर केली, डोळे मिटले.

"लावा ना बाई, लोकं वाट पाहून राह्यले."

पुन्हा हशा झाला. लोकांना ते नाटक वाटलं.

"लावलं ना भाऊ," बाई म्हणाल्या. "तीनदा लावलं."

त्यांनी डोळे उघडले. कोपराखालच्या फिकट डागावर स्वतःच पीस फिरवलं. मग हात सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "हे असं असते. दुखत नाई, मनून समजत नाई. मलेही समजलं नाई. गोळ्या घेईन, बरा होईन. आता कोन येते?"

कुणी पुढे आलं नाही. बाईंनी हात लुगड्याला पुसला.

पुढच्या बाजारी ते त्याच जागी बसले. लोक दहा पावलांवर उभे राहिले. सगळं ऐकलं. पीस कुणी घेतलं नाही.

महिन्याभरात त्यांना कार्यालयात टेबलाचं काम मिळालं. गावांतून तक्रारी आल्या, असं मला सांगण्यात आलं. तक्रार कुणी दाखवली नाही. पुढे त्यांच्या गोळ्या पूर्ण झाल्या, डॉक्टरांनी बरे झाल्याचं लिहून दिलं. टेबल सुटलं नाही. दोनदा अर्ज केल्याचं त्यांनीच सांगितलं. नंतर ते मूल गावी बदलून गेले. पुन्हा भेट झाली नाही.

त्यांच्या जागी आलेल्या माणसाची सभा मी पाहिली. त्याने चित्रं टांगली. तिसऱ्या चित्राला लोक उठले. टोपल्यावाल्या बाई तेवढ्या बसून राहिल्या. चित्रं गुंडाळून झाल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि हात पुढे केला.

त्या माणसाजवळ पीस नव्हतं.